दान कोठें द्यावें?

आपल्या घरांतून दानधर्म कमी होत चालला आहे, अशी तक्रार अधूनमधून ऐकूं येते. पण ती मला फारशी पटत नाहीं. मुंज, साठीशांत, व्रताचें उद्यापन, वर्षश्राद्ध अशा कोणत्याहि निमित्तानें आपले लोक यथाशक्ति कांहीं ना कांहीं देतच असतात. उणीव असेल तर ती देण्यापूर्वीं करावयाच्या विचाराची आहे. ज्या देवळाच्या पेटींत अगोदरच पुष्कळ पडतें, तेथेंच आपणहि टाकतों. ज्या यजमानाकडे दहा जण आहेर घेऊन गेले, त्याच्याकडे अकरावा आहेर घेऊन आपण जातों. दान देतांना देश, काल आणि पात्र पाहावें, असें आपलीं शास्त्रें सांगतात. यांतील पात्र या शब्दाचा अर्थ सत्पुरुष असा पाठशाळेंत आम्हांस सांगितला जाई, आणि तो बरोबरच आहे. पण पात्र म्हणजे भांडेंहि. भांडें रिकामें असेल तरच त्यांत ओतलेलें राहतें. भरलेल्या भांड्यांत ओतलेलें बाहेर वाहून जातें. तेव्हां रिकामें भांडें कोठें आहे, हें शोधून काढणें हा दानाचा पहिला भाग होय, असें मला उतारवयांत वाटूं लागलें.

हा विचार मला बदलापूर ते परळ या आगगाडीच्या वाटेवर सुचला. मी जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेला. पुढें पाठशाळेंत संस्कृत झालें, आणि अंबरनाथच्या एका शाळेंत मुलांना संस्कृत व गणित शिकविण्यांत सारा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षीं माझ्या पत्नीच्या स्तनांत गांठ आढळली. तुकडा काढून तपासला, कर्करोगाचें निदान झालें, आणि तेव्हांपासून चौदा महिने आम्ही उभयतां परळच्या टाटा रुग्णालयाची वाट चाललों. पहांटे बदलापुराहून निघावें, दादरला उतरून परळ गांठावें आणि दिवस मावळल्यावर त्याच वाटेनें परतावें, असा तो क्रम होता. लोकलच्या अपंगांच्या डब्यांत कर्करोग्यांस बसण्याची मुभा आहे. त्या डब्यांत अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी करीत कल्याण येईपर्यंत आमच्यासारखीं दोनतीन कुटुंबें हटकून भेटत. कोणाच्या हातांत केसपेपरांची पिशवी असे, कोणाच्या डोक्याला रुमाल बांधलेला असे. विचारपूस करण्यास पूर्वपरिचयाची गरज पडत नसे.

परळला पोंचल्यावर जें दृष्टीस पडे, त्यापुढें आमचें दुःख लहान वाटे. विदर्भांतून, खानदेशांतून, बिहार-बंगालमधून आलेलीं कुटुंबें रुग्णालयाच्या आसपास पदपथावर पथारी टाकून राहिलेलीं असत. उशाला गांठोडें, दोरीवर वाळत टाकलेलें लुगडें, आणि मध्यें नाकांत नळी घातलेला रोगी. एके संध्याकाळीं परतीच्या वाटेला लागतांना माझी पत्नी तिकडे पाहून म्हणाली, "अहो, आपल्याला रात्री परतायला घर आहे." एवढेंच ती बोलली आणि गाडी येईपर्यंत गप्प राहिली.

या रोगाचा खर्च म्हटला म्हणजे औषधांचा खर्च, अशी सर्वसाधारण समजूत असते. तो खर्च भयंकर असतो, यांत शंका नाहीं. परंतु टाटा रुग्णालयांत येणाऱ्यांपैकीं फार मोठ्या भागाला उपचार मोफत किंवा जवळ जवळ मोफत मिळतात. त्याशिवाय राज्य शासनाची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे, आणि २०१८ पासून केंद्र सरकारची आयुष्मान भारत योजनाहि आहे. शस्त्रक्रिया, केमो, किरणोपचार यांचा बराच भार या योजना उचलतात. मग दात्यानें द्यावें असें उरतें काय? याचें उत्तर मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून मिळालें.

हा मुलगा (आतां चाळिशी उलटलेला, पण शिक्षकाला विद्यार्थी नेहमीं मुलगाच वाटतो) अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतींत ठेकेदाराकडे रोजंदारीवर होता. तंबाखू-माव्यानें तोंडाचा कर्करोग झालेला. शस्त्रक्रिया योजनेंत पार पडली. पुढें किरणोपचार सांगितले. त्यांस रुग्णमंडळी नुसतें 'शेक' म्हणतात. एकंदर ३३ शेक, आठवड्यास पांच याप्रमाणें; म्हणजे जवळ जवळ सात आठवडे. डब्यांत माझ्या शेजारीं बसून तो म्हणाला, "गुरुजी, शेक फुकट आहे, पण तो घ्यायला रोज जायचं कसं?" मीं मनांतल्या मनांत हिशेब मांडला. त्याची मजुरी दिवसाला ६०० रुपये. ३३ दिवसांचे १९,८०० बुडाले. सोबत येणारी त्याची बायको चार घरचीं धुणींभांडीं करून दिवसाला ३०० मिळवी. तिचे ९,९०० बुडाले. मिळून २९,७०० रुपये. आणि यांत गाडीभाडें, वाटेंतला चहा, तोंड सोललेल्या माणसाला लागणारें दूध व पातळ अन्न, दोन मुलांचें जेवण यांपैकीं कांहींच धरलेलें नाहीं. असा शेक मध्येंच सोडला किंवा त्यांत खंड पडला, तर रोग पुन्हा उलटण्याचा धोका वाढतो, हें डॉक्टरांनीं त्याला बजावलें होतें. सरकारनें लक्षावधि रुपयांचें यंत्र चालविलें आणि शेंकड्यांतल्या गाडीभाड्यावांचून रोगी घरीं बसला, असें होऊं शकतें; आणि असें होतेंहि.

त्याच डब्यांत उल्हासनगरचे एक सिंधी कापडाचे व्यापारी आपल्या धाकट्या भावाला घेऊन येत. त्यांचे वडील फाळणीनंतर निर्वासित म्हणून कल्याणच्या लष्करी छावणींत येऊन राहिले होते. त्याच छावणीला ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें कोनशिला बसून उल्हासनगर हें नांव मिळालें. या गृहस्थांनीं माझ्या विद्यार्थ्याची हकीगत ऐकली आणि सात आठवडे पुरेल एवढा किराणा त्याच्या घरीं पोंचता केला. मीं आभार मानले तेव्हां ते म्हणाले, "मास्टरजी, औषधाला दाता भेटतो, गाडीभाड्याला भेटत नाही. आमचे वडील इथं उतरले तेव्हा उपदेश करणारे पुष्कळ भेटले. एका माणसानं कंदील दिला. वडील मरेपर्यंत त्या कंदिलाचीच गोष्ट सांगत."

हें कंदील देण्याचें काम कांहीं संस्था वर्षानुवर्षें निमूटपणें करीत आल्या आहेत. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथें यात्रेकरूंसाठीं धर्मशाळा उभारणाऱ्या गाडगे महाराजांच्या नांवानें दादरला धर्मशाळा आहे. तींत आज मुख्यत्वें परळच्या रुग्णालयांत आलेले रोगी व त्यांचे सोबती उतरतात. महाराज १९५६ सालीं गेले. पण यात्रेचें स्वरूप बदललें तरी यात्रेकरूला निवारा लागतोच, हें त्यांच्या मागून आलेल्यांनीं ओळखलें. वांद्र्याला थोर शस्त्रवैद्य डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांच्या स्मरणार्थ रुग्णनिवास आहे. १९६९ सालीं निघालेली कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था रोग्यांना औषधें, अन्न व धीर या तिन्ही गोष्टी पुरविते. २००६ पासून सेंट ज्यूड ही संस्था उपचार घेणाऱ्या मुलांना आईबापांसह विनामूल्य खोली देते. आणि जेथें उपचार संपले, तेथें वेदना तरी हलक्या व्हाव्या, म्हणून १९८६ सालीं वांद्र्यास शांति आवेदना सदन सुरू झालें. देशांतील तशा प्रकारचें तें पहिलें सदन होय. या सर्वांच्या मुळाशीं लोकांच्या देणग्या आहेत.

चौदा महिन्यांनंतर माझी पत्नी गेली. तिच्या उपचारासाठीं बाजूस काढून ठेवलेल्या रकमेंतून दोन लक्ष रुपये उरले. ते पुन्हा संसारांत मिसळावयाचे नाहींत, हें घरांत सर्वांस मान्य होतें. पण ते कोठें द्यावे यावर वर्षश्राद्धापर्यंत एकमत होईना. माझ्या थोरल्या बहिणीचें, अक्काचें म्हणणें असें, कीं ही रक्कम सगळी रोग्यांच्या राहण्याजेवण्यासाठीं जावी. चिरंजीवांचें म्हणणें, ती संशोधनाला द्यावी. अक्का म्हणाली, "समोर माणूस उपाशी निजतोय आणि तुम्ही उंदरांवर प्रयोग करायला पैसे देणार?" त्यावर तो म्हणाला, "आत्या, आईला जी औषधं मिळाली तीसुद्धा कोणीतरी अगोदर प्रयोग करूनच शोधली ना? त्या वेळी त्यांना कोणी पैसे दिले नसते तर?" दोघांचेंहि बोलणें खरें होतें, आणि म्हणूनच निकाल लागेना. तेव्हां शाळामास्तराच्या संवयीप्रमाणें मीं दोन्ही पक्षांचीं पुस्तकें व लेख आणून वाचावयास घेतले.

प्रथम हें टाटा रुग्णालयच घ्या. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें विलायतेंत वारल्या. पत्नीला जे उपचार तिकडे मिळूं शकले, ते हिंदुस्थानांत कोणाला मिळण्याची सोय नाहीं, हें दोराबजींच्या मनाला लागलें. त्यांनीं १९३२ सालीं तिच्या नांवानें एक निधि केला. त्यांतून रक्ताच्या कर्करोगावर काम करणाऱ्या देशोदेशींच्या संशोधकांना आजहि साहाय्य मिळतें. त्याच वर्षीं दोराबजी वारले. रुग्णालयाची कल्पना पुढें नवरोजी सकलातवाला यांनीं उचलली. तेहि १९३८ सालीं गेले. अखेर २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं रुग्णालय उघडलें, तेव्हां त्यांत ८० खाटा होत्या आणि वर्षाचा खर्च ५ लक्ष रुपये होता. १९५७ सालीं तें केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे व १९६२ सालीं अणुशक्ति खात्याकडे गेलें. म्हणजे ज्यानें विहीर खणण्याचा संकल्प सोडला आणि ज्यानें ती अर्धीअधिक खणली, त्या दोघांनाहि पाणी पाहावयास मिळालें नाहीं. आणि आज तें पाणी सरकारी खर्चानें सगळा देश पितो.

या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे पहिले प्रमुख आपल्याकडील डॉ. वसंत रामजी खानोलकर होते. कोणता कर्करोग कोणाला होतो, याचा लोकांच्या खाण्यापिण्याशीं आणि नेसण्याशींहि कसा संबंध असतो, तें त्यांनीं धुंडाळलें. कंबरेला घट्ट आवळलेल्या धोतराच्या वा लुगड्याच्या कांठानें त्वचेचा कर्करोग होतो, हें त्यांनीं दाखविलें. तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांची जोडी आज आपल्या शाळांतील मुलांनाहि ठाऊक आहे. ती ठाऊक होण्यामागें असल्या अनेकांचें काबाडकष्ट आहेत. १९५२ सालीं निघालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत खानोलकरांच्या हाताखालीं पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे तयार झाल्या. पेशी शरीराबाहेर वाढविण्याची प्रयोगशाळा देशांत प्रथम त्यांनीं उभारली, आणि स्तनाच्या कर्करोगाचीं कारणें त्यांनीं त्याच उंदरांवर शोधलीं, ज्यांची अक्काला चीड आली होती. हें मीं तिला वाचून दाखविलें. ती कांहीं बोलली नाहीं, पण "ही रणदिव्यांची कोण?" असें विचारून घेतलें.

पैशाच्या प्रश्नावर अधिक प्रकाश पाडणारीं दोन उदाहरणें मला पुढें सांपडलीं. पहिलें आपल्या मराठवाड्यांतलें. १९९९ सालीं उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील खेड्यांतून ३० ते ५९ वर्षें वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयीं एक मोठी पाहणी सुरू झाली. टाटा केंद्र, बार्शीचें नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग-संशोधन संस्था यांनीं ती केली. गांवांचे चार गट पाडले. तिघांत तीन निरनिराळ्या तपासण्या केल्या, चौथ्यांत नेहमींचीच व्यवस्था ठेवली. आठ वर्षांनीं हिशेब झाला तेव्हां, ज्या गटांत एचपीव्ही या विषाणूची तपासणी जन्मांत एकदांच केली होती, त्यांत या रोगाचे मृत्यु चौथ्या गटाच्या सुमारें निम्म्यावर आले होते. हा निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाला. चौथ्या गटाला तपासणीवांचून ठेवावें कीं नाहीं, यावर पुढें वादहि झाला, आणि तो व्हावयास हवाच होता. परंतु जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं जगांतील सर्व देशांना जी शिफारस केली, तींत हीच तपासणी अग्रस्थानीं आली. या पाहणीला लागलेला पैसा अमेरिकेंतील गेट्स प्रतिष्ठानाच्या देणगींतून आला होता. उस्मानाबादच्या शेतांत राबणाऱ्या बायकांच्या सहकार्यानें आणि परदेशीं दात्याच्या पैशानें एक ज्ञान निर्माण झालें, आणि तें आतां कोणाच्याहि लेकीसुनेच्या कामीं येईल.

दुसरें उदाहरण याहून मार्मिक आहे. तोंडाचा किंवा घशाचा कर्करोग बरा होण्यापलीकडे गेला, म्हणजे शिरेंतून औषध देत असत. टाटा केंद्रांतील डॉक्टरांनीं त्याऐवजीं दोन जुनीं, स्वस्त औषधें रोज व आठवड्यास गोळ्यांच्या रूपानें देऊन पाहिलीं. गोळ्या घेणारे रोगी किंचित् अधिक जगले, आणि त्यांना त्रासहि कमी झाला. हें २०२० सालीं प्रसिद्ध झालें. परळला खेपा घालण्याऐवजीं रोग्यानें घरीं बसून गोळी घ्यावी, हा लाभ केवढा, तें बदलापूरच्या माणसाला सांगावें लागत नाहीं. पण विचार करा, हा प्रयोग कोणत्या कारखानदारानें केला असता? त्या गोळ्यांवर कोणाचाच एकाधिकार उरलेला नाहीं. त्या खपल्या तरी नफा नाममात्र. महाग औषध उपयोगी आहे काय, हें विचारण्यास व्यापारी तयार असतो. स्वस्त औषधानें भागेल काय, हें विचारण्यांत त्याचा तोटाच असतो. हा प्रश्न विचारण्यासाठीं सरकारचा तरी पैसा लागतो, नाहीं तर धर्माचा.

येथें मला अक्का आणि चिरंजीव हे दोघे एकाच ठिकाणीं येऊन भेटलेले दिसले. योजना औषध देते, पण गाडीभाडें देत नाहीं. तें भांडें रिकामें आहे. व्यापारी नवें औषध शोधतो, पण स्वस्त औषध शोधीत नाहीं. तेंहि भांडें रिकामें आहे. दोन्ही ठिकाणीं दुसरें कोणी देणार नाहीं, आणि म्हणून दोन्ही ठिकाणीं दात्याची खरी जागा आहे.

आपल्या धर्मशास्त्रांत कर्माचे इष्ट आणि पूर्त असे दोन विभाग केलेले आहेत. यज्ञयाग तें इष्ट. विहिरी, तळीं, बागा, धर्मशाळा हें पूर्त. पूर्ताचें वैशिष्ट्य असें, कीं त्याचें फळ घेणारा कोण असेल, हें करणाऱ्याला माहीत नसतें. आमच्या अंबरनाथला वालधुनीच्या कांठीं जें शिवालय आहे, त्यांत शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख आहे. शिलाहार राजा छित्तराजानें काम आरंभिलें आणि त्याचा भाऊ मुम्मुणि याच्या काळीं तें पुरें झालें, असें इतिहासकार मानतात. मीं अनेक वर्षें शाळेंतील मुलांना तेथें सहलीस नेलें आणि त्यांना तीं कोरीव कामें दाखविलीं. पण आरंभ करणारा एक आणि कळस पाहणारा दुसरा, यांतील अर्थ मला परळच्या त्या रुग्णालयाचा इतिहास वाचल्यावर अधिक स्पष्ट झाला. संशोधनास दिलेला पैसा हें असें पूर्त आहे. धर्मशाळेस दिलेल्या पैशाचें फळ उद्यां दिसतें, संशोधनास दिलेल्याचें वीस वर्षांनीं. आणि कांहीं प्रयोग फसतात, त्यांचें फळ दिसतच नाहीं. पण विहीर खणतांना दगड लागला म्हणून दुसऱ्यानें तेथें पुन्हा खणूं नये, एवढें तरी त्यांतून कळतें.

अखेर आम्हीं त्या रकमेचे दोन समान भाग केले. एक रुग्णांच्या निवासाला दिला, एक संशोधनाला. दोन्हींकडे अमुकच कामाला वापरा, अशी अट घातली नाहीं. कारण धर्मशाळेचें विजेचें बिल आणि प्रयोगशाळेंतील झाडणाऱ्याचा पगार यांसाठीं देणगी देण्यास सहसा कोणी पुढें येत नाहीं, आणि त्यांवांचून दोन्हीं बंद पडतात. पाटी लावण्याविषयीं विचारणा झाली, तिला नकार कळविला. याशिवाय निवृत्तिवेतनांतून दरमहा एक हजार रुपये रुग्णनिवासाकडे जातात. एकदांच दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षां दरमहा खात्रीनें येणाऱ्या लहान रकमेवर संस्थेला पुढचा बेत आंखतां येतो, हें तेथील व्यवस्थापकांनीं मला समजावून सांगितलें.

वाचकांना दोन सावधगिरीच्या सूचना द्याव्याशा वाटतात. आमच्या भागांतील एका मंडळानें कर्करोग्यांच्या नांवानें वर्गणी गोळा केली. हिशेब मागितला तेव्हां मंडप, ध्वनिक्षेपक आणि सत्काराच्या शाली यांच्या पावत्या निघाल्या. नांव घेण्यांत अर्थ नाहीं. असें सर्वत्र घडतें. म्हणून देण्यापूर्वीं संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीं धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे कीं नाहीं, हें पाहावें, तपासलेला वार्षिक हिशेब मागावा, पावती घ्यावी. हिशेब विचारल्याचा राग चांगल्या संस्थेला येत नाहीं. भ्रमणध्वनीवर अनोळखी मुलाचें केविलवाणें छायाचित्र आलें, तर लगेच पैसे पाठवूं नयेत. ज्या रुग्णालयाचें नांव दिलें असेल, तेथील समाजसेवा विभागाला विचारावें आणि रुग्णालयाच्या खात्यांतच भरावें.

दुसरी सूचना पैशावांचून करतां येण्याजोग्या मदतीची. महाराष्ट्रांतील धर्मादाय रुग्णालयांनीं दहा टक्के खाटा निर्धन रोग्यांस मोफत व दहा टक्के दुर्बळ रोग्यांस सवलतीनें द्याव्या, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयानें २००६ सालीं मंजूर केलेली आहे. पुष्कळ गरजूंना ती ठाऊक नसते. ठाऊक असली तरी अर्ज लिहितां येत नाहीं. आपल्या घरांतील शिकलेल्या माणसानें शेजारच्या धुणेंवालीचा किंवा रिक्षावाल्याचा असा एक अर्ज लिहून दिला, सोबत जाऊन कागद पुरे करून दिले, तर ती देणगी कोणत्याहि रोख रकमेहून कमी नाहीं.

माझा विद्यार्थी ३३ शेक पुरे करून आतां पुन्हा कामावर जातो. माझी पत्नी नाहीं. त्याला यश आलें आणि तिला आलें नाहीं, याचें कारण डॉक्टर सांगतात तेवढेंच मला ठाऊक आहे. पुढील पिढीला त्याहून अधिक ठाऊक व्हावें, अशी इच्छा आहे. या वर्षीं आपल्या घरीं जें कार्य निघेल, त्याच्या खर्चाचा कागद लिहितांना शेवटची एक ओळ रिकामी ठेवा, आणि ती भरण्यापूर्वीं घरांतील मंडळींना एकत्र बसवून विचारा, कीं दुसरें कोणीच जेथें देत नाहीं, अशी जागा आपल्याला कोणती माहीत आहे?